समोरचे दात

९ जानेवारी

वहिनी,

हे पत्र कामाचं आहे. तसं नसतं तर मी लिहिलं नसतं आणि तुम्ही उघडलं नसतं.

दात बनवण्याचं काम शिकवणाऱ्या संस्थेकडून परवा लॅबला पत्र आलं. त्यांना मेणात दात कोरायला शिकवणारं माणूस हवं आहे आणि तुम्ही अर्ज केला आहे. अर्जात आमच्या लॅबमधला नऊ वर्षांचा अनुभव लिहिला आहे. त्यांचा नियम असा की शिकवणाऱ्याला समोरच्या दातांचा निदान पाच वर्षांचा अनुभव हवा, आणि तो जिथे घेतला तिथल्या प्रमुखाने रजिस्टर पाहून, सही करून कळवायचा. प्रमुख मी आहे. मुदत फेब्रुवारीअखेर.

मी रजिस्टर काढलं. पाच नंबरच्या, म्हणजे तुमच्या, नावावर नऊ वर्षांत दाढा तीन हजार एकशे चार. समोरचे दात अकरा.

रजिस्टरात जे आहे ते मला बदलता येत नाही, हे तुम्ही समजून घ्याल. अकरा दातांवर ते तुम्हाला घेणार नाहीत. त्यांच्याकडे साहाय्यकाचीही एक जागा आहे, तिला दाढांचा अनुभव चालेल असं दिसतं. तिकडे अर्ज वळवायचा असेल तर मी चांगलं लिहीन. तुमच्या दाढा कधी परत आल्या नाहीत, हे रजिस्टरातही आहे.

दादा दर रविवारी फोन करतो. पाऊस किती, ऊन किती, एवढं सांगतो. तुमच्या अर्जाबद्दल बोलला नाही. सात वर्षं तुम्ही एका दवाखान्यात पेशंटांना वेळा देता हेही मला संस्थेच्या पत्रातून कळलं.

घर ठीक आहे. आईची खोली बंदच ठेवली आहे. त्या खोलीवरून आपल्यात जे झालं ते मी मनात ठेवलेलं नाही. तुम्हीही ठेवू नये.

लॅबमध्ये लागल्याची आणि सोडल्याची तारीख कळवा. माझ्याकडे आहेत, पण तुमच्याकडून याव्यात असा नियम आहे.

लॅबप्रमुख

१९ जानेवारी

वहिनी,

दादाचा फोन आला. म्हणाला, पत्र मिळालं, तिने ते उभ्याउभ्या वाचलं आणि भाजी चिरायला बसली. मी विचारलं, काही म्हणाली का. तो म्हणाला, म्हणाली नाही, पण भाजी फार बारीक चिरली.

अकरा हा आकडा खरा नाही. मागच्या पत्रात मी तसं लिहिलं नाही, कारण ते लॅबच्या कागदावर लिहीत होते. हा घरचा कागद आहे.

संस्थेला खरं कळवायचं झालं तर ते शब्दांत मांडावं लागेल. तुमच्यासमोर मांडून बघते. चुकलं तर सांगा.

काम ताटलीत यायचं. ताटलीत पेशंटच्या जबड्याचा प्लास्टरचा ठसा आणि कामगाराच्या नंबराची चिठ्ठी. दात मेणात कोरायचा, साच्यात घालायचा, भट्टीत ठेवायचा. मेण जळून जातं, त्या जागी दात तयार होतो. मग रजिस्टरात नंबरापुढे एक रेघ. मी चार नंबर, तुम्ही पाच. आपली टेबलं जोडून होती.

मला समोरचे दात येत नव्हते. मापात बसायचे, पण तोंडात गेले की दोन पांढऱ्या विटा लावल्यासारखे दिसायचे. डॉक्टर परत पाठवायचे. तुम्हाला दाढांचा कंटाळा. तुम्ही म्हणायचात, दाढ म्हणजे मोरी, तिथपर्यंत पाहुणा येत नाही.

तुम्ही लागून वर्ष झालं असेल. आईला तपासायला न्यायचं होतं म्हणून तुम्ही लवकर निघालात आणि तुमच्या दोन दाढा मी पुऱ्या केल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटलीत परत आलेला सुळा होता. तो तुम्ही न विचारता उचललात. पुन्हा काही तो परत आला नाही. तेव्हापासून आपण ताटल्या बदलत राहिलो. चिठ्ठ्या बदलल्या नाहीत. मास्तर वरच्या मजल्यावरून खाली यायच्या आत ताटल्या आपापल्या जागी असायच्या. असं आठ वर्षं.

लॅबमध्ये सगळे म्हणायचे, नणंद-भावजय शेजारी बसतात आणि अजून कुणाचा दात पडलेला नाही. मास्तर मालक असूनही हसायचे.

म्हणजे तुमच्या नावावरच्या दाढा माझ्या आहेत, आणि माझ्या नावावर त्याच वर्षांत दोन हजार तीनशे सोळा समोरचे दात आहेत. मास्तरांचं मत असं की ज्याला समोरचे दात येतात त्यानेच लॅब चालवावी. त्या दोन हजार तीनशे सोळांवर मी प्रमुख झाले.

हे संस्थेला कळवणं मला शक्य नाही. कारणही सांगते. लॅब गेल्या वर्षी विकली गेली. नव्या मालकांनी एक व्यवस्थापक बाई पाठवल्या आहेत. एप्रिलपासून प्रत्येकाची जागा जुनी नोंद तपासून पक्की होणार. शिवाय प्रत्येकाला एक छापील कागद दिला आहे: पुढच्या पाच वर्षांतलं तुमचं उद्दिष्ट काय, त्यासाठी काय शिकणार, कधीपर्यंत. मी चौदा जणांसमोर बसून ते भरून घेतले. प्लास्टरवाल्याने लिहिलं, पाच वर्षांनी मी घरी असेन आणि कंबर दुखत नसेल. पॉलिशवालीने लिहिलं, खिडकीजवळचं टेबल. कवळ्या करणाऱ्या काकांनी काहीच लिहिलं नाही. म्हणाले, पाच वर्षांचं राहू दे, चार वाजताच्या चहाचं बघ.

माझा कागद कोरा आहे. मला बावन्न पुरी झाली. सहा वर्षं उरलीत. ती खुर्चीत काढायची होती. आता आपण होऊन लिहायचं की हे दात माझे नव्हेत, म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तुम्हाला दुसरा काही मार्ग दिसत असेल तर कळवा.

२ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही कळवलं नाही. दादाने सांगितलं की तुम्ही त्याच्याशीही या विषयावर बोलत नाही.

मास्तरांच्या खोलीतलं कपाट नव्या बाईंनी रिकामं करायला सांगितलं. त्यात जुन्या उद्दिष्टांच्या कागदांची फाइल होती. मास्तर वर्षातून एकदा आपल्यालाही असेच कागद द्यायचे, फक्त स्वतःचा नाही, जोडीच्या टेबलावरच्या माणसाचा भरायचा. याला काय येतं, याला काय यायला हवं, पाच वर्षांनी हा कुठे बसलेला असावा. मास्तर म्हणायचे, माणूस स्वतःबद्दल एकतर फुगवून लिहितो नाहीतर लाजून. शेजाऱ्याला खरं दिसत असतं आणि तो गप्प असतो, त्याला बोलायला कागद द्या.

मला वाटायचं ते कागद मास्तर वाचून ठेवून देतात. कवळीकाका म्हणाले, मागितला की दाखवायचे. मी माझा दरवर्षी बघायचो. तू कधी मागितला नाहीस?

मी कधी मागितला नाही. शेवटच्या वर्षीचा आता वाचला. तुम्ही लिहिलं होतंत:

"काय येतं: समोरचे दात. यांच्यासारखे लॅबमध्ये कुणाला येत नाहीत. काय यायला हवं: चारचौघांत बोलायला. पाच वर्षांनी: मास्तरांच्या खुर्चीत."

त्याच्या खाली माझा होता, तुमच्याबद्दलचा:

"काय येतं: दाढा. काय यायला हवं: समोरचे दात. अजून हात बसलेला नाही. पाच वर्षांनी: आहे तिथेच. हलवू नये."

माझ्या अक्षराखाली तुमच्या अक्षरात एक शब्द आहे. "वाचलं." आणि तारीख. मास्तरांच्या कामावरच्या शेवटच्या आठवड्यातला शुक्रवार. पुढच्या गुरुवारी तुम्ही काम सोडलंत. महिन्याभरात दादाने बदली मागून घेतली.

त्या शुक्रवारी संध्याकाळी, आईला बाहेरच्या खोलीत हलवल्यावर तिची खोली कुणी वापरायची, यावरून आपण भांडलो होतो. सात वर्षं मी धरून चालले की तुम्ही त्या खोलीवरून गेलात. पुढे आई गेली तेव्हा तुम्ही येऊन तीन दिवस राहिलात आणि किल्ल्या कुठे ठेवू, एवढंच माझ्याशी बोललात. मी नातेवाइकांना सांगितलं, जागेवरून माणसं किती लांब जातात बघा. त्यांनी माना डोलावल्या.

तो कागद मी का तसा भरला ते तीनदा लिहून खोडलं. मास्तर तेव्हा आपली जागा कुणाला द्यायची ते ठरवत होते. ती तुम्हाला मिळाली असती तर तुम्ही वरच्या मजल्यावर गेला असतात. मग माझी ताटली बदलायला कुणी उरलं नसतं आणि महिन्याभरात माझ्या विटा परत यायला लागल्या असत्या. एवढंच होतं. लिहायला दोन मिनिटंही लागली नव्हती.

तुम्ही मला चेष्टेने वन्सं म्हणायचात. त्या गुरुवारी जाताना दारात म्हणालात, येते. फक्त येते.

९ फेब्रुवारी

वहिनी,

तळघरात समोरच्या दातांच्या प्रती आहेत. मास्तर प्रत्येक समोरच्या दाताची प्लास्टरची प्रत काढून ठेवायचे, हे मी विसरले होते. बरीच खोकी ओलीने गेली. तीन चांगली निघाली. आपल्या वर्षांतल्या, चार नंबरच्या नावाच्या दोनशे बारा प्रती.

मी खाली स्टूल नेलं आणि एकेक बघितली. तुमचे आणि माझे वेगळे करायला मला वाटलं होतं वेळ लागेल. लागला नाही. माझे नऊ निघाले. ते कुठल्याही तोंडातले असू शकले असते. बाकी दोनशे तिघांना काहीतरी झालेलं होतं: एकाचा कोपरा झिजलेला, एक शेजाऱ्याच्या अंगावर किंचित रेललेला, एकाच्या खालच्या कडेला दोरा तोडायची सवय असल्यासारखी खाच. तुम्ही डॉक्टरांकडून पेशंटांचे जुने फोटो मागवायचात. मी म्हणायचे, दात करायचा आहे की लग्न जमवायचंय.

काका खाली आले, म्हणाले, काय शोधतेस? मी सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी स्वतःची कवळी दुसऱ्या लॅबमधून करून घेतली आहे, इथल्या कारागिराला आपण ओळखतो म्हणून. ते म्हणाले, ताटल्या बदलता ते मला पहिल्या वर्षीच दिसलं होतं. मी विचारलं, मग बोलला का नाही? ते म्हणाले, कागद माझ्याकडे नव्हता ना तुमचा.

संस्थेला पाठवायचं पत्र मी तयार केलं. मसुदा सोबत आहे. थोडक्यात असं: चार नंबरच्या नावावरच्या समोरच्या दातांपैकी सुमारे दोन हजार दोनशे दात पाच नंबरने केले. चार नंबर वयाने आणि नोकरीने ज्येष्ठ होती. तिच्या सांगण्यावरून हे झालं, पाच नंबरचा त्यात दोष नाही. पुरावा म्हणून दोनशे बारा प्रती पाहायला मिळतील.

माझ्या सांगण्यावरून झालं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण रजिस्टर खोटं ठेवणारी बाई त्यांना शिकवायला चालेल की नाही, सांगता येत नाही. एकीवर सगळं आलं तर दुसरी मोकळी राहते. माझी खुर्ची तशीही जाईल.

तुमचा होकार आला की पाठवते.

१६ फेब्रुवारी

वहिनी,

काल दादाच्या फोनवर तुम्ही जे ऐकलंत त्यातला माझा अर्धा भाग तुम्हाला ऐकू आला नसेल. म्हणून लिहिते.

दादा म्हणाला, "तिचं म्हणणं आहे, कुणाच्या सांगण्यावरून काही झालेलं नाही."

मी म्हटलं, माहीत आहे.

"मग लिहिलंस कशाला?"

मी त्याला सांगितलं की तुमची नोकरी वाचावी म्हणून. तुमच्या हाताला दोष लागायला नको. संस्थेत चार माणसं बसतील, त्यांतलं एखादं म्हणेल, हिने आठ वर्षं मालकाला फसवलं, ही पोरांना काय शिकवणार. तो म्हणाला, थांब. मग त्याने फोन बाजूला धरला असावा, कारण मागे भांडी वाजत होती ती थांबली. आई गेल्यानंतर तुमचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. लांबून होता, पण स्वच्छ.

"त्यांना सांगा, उपकार नकोत. माझे दात माझ्या नावावर लावा. आणि त्यांचा कागद पाठवतील तर माझाही पाठवा. तोही खोटाच आहे."

दादाने फोन परत कानाला लावला आणि सगळं जसंच्या तसं पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, ऐकलं मी. तो म्हणाला, "लग्न करून माणूस नवरा होतो. मी टपाल झालो."

मी विचारलं, तिला कळतंय ना, यात तिची जागा जाऊ शकते? त्याने तुम्हाला विचारलं नाही. तो म्हणाला, कळतंय. ती गेले आठ दिवस मेणबत्त्या कोरत बसली आहे, घरात एक धड मेणबत्ती उरलेली नाही.

फोन ठेवल्यावर मसुदा पुन्हा वाचला. त्यात चांगली दिसत होते ती मीच.

नवा मसुदा केला आहे. होकारासाठी थांबत नाही, तुमचं म्हणणं स्पष्ट होतं. "ताटल्यांची अदलाबदल दोघींच्या मर्जीने आणि मालकांच्या नकळत आठ वर्षं झाली. पाच नंबरने चार नंबरबद्दल आणि चार नंबरने पाच नंबरबद्दल भरलेले कागद सोबत आहेत. दोन्ही खोटे आहेत. पहिला चार नंबरला वर नेण्यासाठी, दुसरा पाच नंबरला जागेवर ठेवण्यासाठी." शेवटचं वाक्य ठेवू की काढू, यावर सकाळ गेली. ठेवलं.

उद्या टपालात पडेल. एक प्रत व्यवस्थापक बाईंच्या टेबलावर.

११ मार्च

वहिनी,

बाईंनी मला आठवडाभर बोलावलं नाही. मग बोलावलं. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, मुलगी असती तर. टेबलावर पत्राची प्रत होती आणि शेजारी प्लास्टरचे दोन दात. तळघरात त्या स्वतः जाऊन आल्या होत्या.

म्हणाल्या, "तुम्ही हे कळवलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

मी म्हटलं, कुणालाच नाही. मग आठवलं आणि म्हटलं, कवळीकाकांना.

"मग तुमच्याबद्दल माझं मत काय व्हावं, हेच मला समजत नाहीये."

मी म्हटलं, मलाही.

त्यांनी दोन दात माझ्यासमोर सरकवले आणि विचारलं, यांतला तुमचा कोणता. मी बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, मीही तोच ओळखला होता.

ठरलं ते असं. एप्रिलपासून प्रमुख बाहेरून येईल. मी आता निवृत्त व्हायचं किंवा टेबलावर परत बसायचं. टेबलावर बसायचं तर जी ताटली येईल ती करायची, समोरचे दातही, आणि ते माझे मीच केले हे नवा प्रमुख पाहील. या वयात टेबल झेपेल का, असं त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. मी म्हटलं, टेबल.

मग त्यांनी माझा कोरा कागद काढला. म्हणाल्या, चौदा जणांचे आले, तुमचा राहिलाय. मी उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलं, समोरचे दात. त्या म्हणाल्या, असं चालत नाही, उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे, हे तुम्हीच सगळ्यांना समजावलंत. मी खोडलं आणि लिहिलं, वरच्या मधल्या दोन दातांची एक जोडी, जी डॉक्टर परत पाठवणार नाहीत. कधीपर्यंत, या रकान्यात, एप्रिलअखेर. बाईंनी वाचून सही केली. नोकरीत लागून एकतीस वर्षं झाली मला.

तुमचं दादाकडून कळलं. चार जणांपैकी दोघांचं म्हणणं होतं की अर्ज फेटाळावा. एकाने विचारलं की अशी बाई विद्यार्थ्यांच्या हजेरीचं रजिस्टर नीट ठेवील कशावरून. तुम्ही म्हणालात, ठेवीन याची खात्री मी देऊ शकत नाही, दात कोरून दाखवू शकते. मग त्यांनी एक ठसा दिला, मेण दिलं, दोन तास दिले. दादा बाहेर बाकावर बसला होता. तो म्हणतो, आतून बाहेर आलात तेव्हा तुमच्या नखांत मेण होतं आणि तुम्ही त्याला विचारलंत, जेवलात का. वर्षभराची कच्ची नेमणूक. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले.

अभिनंदन लिहिणार होते. मी लिहायला नको असं वाटलं.

एक विचारायचं आहे. हे नणंद म्हणून विचारत नाही. गेल्या आठ दिवसांत मी दुपारच्या सुटीत जुन्या ठशांवर सहा जोड्या कोरल्या. सुटे बघितले तर वाईट नाहीत. शेजारी लावले की पुन्हा विटा. तुमच्या प्रती समोर ठेवून केले तरी तेच. तुमच्या सुरीचा कोन वेगळा होता की मेण तुम्ही जास्त गरम ठेवायचात, मी आठ वर्षं शेजारी बसून बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं. सांगावंसं वाटलं तर कळवा. नाही वाटलं तरी ठीक.

१० एप्रिल

वहिनी,

तुमचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ आहे: "दोन्ही एका दिवशी कोरू नका." सही नाही, तारीख नाही.

मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. नव्या प्रमुखांनी आज मला वरच्या मधल्या दोन दातांची ताटली दिली, एका शाळामास्तरीण बाईंची आहे. जिन्यात पडल्या. चिठ्ठीवर चार नंबर आहे. पाच नंबरला आता पॉलिशवाली बसते, तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं नाही. तिने विचारलं, मावशी, एकच करून थांबलात? मी म्हटलं, हो.

आज डावा झाला. उजवा उद्या कोरेन.